अडतीस हजारांचा अभिमान

मार्च 2020 मध्ये मी होळीसाठी वाराणसीला सासुरवाडीला गेलो आणि तिथेच राहिलो. सुरुवातीला गाड्या बंद होत्या म्हणून. पुढे गाड्या सुरू झाल्या, विमानंही उडू लागली, पण तोवर ऑफिसचं काम लॅपटॉपवर सुरळीत चाललं होतं आणि मला सासूबाईंच्या हातची चटक लागली होती. पुण्यात या अवस्थेला घरजावई म्हणतात. काशीची माणसं सभ्य, त्यामुळे तोंडावर कुणी काही बोललं नाही. सासरे रोज सकाळी फक्त एवढंच विचारायचे, "पुण्याची हवा आता कशी आहे म्हणतात?"

सासर ब्रह्माघाटाजवळ. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा हा पट्टा पेशवाईपासून मराठी माणसांचा. नारायण दीक्षित पाटणकरांनी अठराव्या शतकात इथे घाट बांधले आणि त्यांच्या मागोमाग आलेल्या घराण्यांतले लोक आजही घरात मराठी बोलतात. भांडण लागलं की तेवढे हिंदीत जातात, आणि शिव्यांसाठी थेट बनारसीत. आमचे सासरे, म्हणजे अप्पा, पिढीजात तीर्थोपाध्ये. त्यांना दोन मुलगे, दोन्ही मुलग्यांना एकेक मुलगा आणि दोन्ही नातवांकडे एकेक गेमिंग कन्सोल. थोरल्या मेहुण्याच्या मुलाकडे सोनीचा प्लेस्टेशन फोर, धाकट्याच्या मुलाकडे मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स वन. वाडा एक, चूल एक, इंटरनेटचं कनेक्शन एक, तरी या दोन पेट्यांपायी घरात उभे दोन तट पडले होते.

खरं तर पेट्यांत भांडण्यासारखं काही नव्हतं. दोन्ही काळ्या, दोन्ही 2013 मध्ये बाजारात आलेल्या, आतला मुख्य प्रोसेसरही एकाच कंपनीने बनवलेला. भांडण होतं ते 'माझ्याकडे आहे आणि तुझ्याकडे नाही' या जगातल्या सर्वांत जुन्या कारणावरून. या धंद्यात त्याला एक्स्क्लुझिव्ह म्हणतात. एखादा खेळ एकाच कंपनीच्या पेटीवर चालतो, दुसरीवर चालत नाही. चालू शकत नाही असं नव्हे, चालू देत नाहीत. थोरल्याच्या मुलाकडे स्पायडर-मॅन होता, गॉड ऑफ वॉर होता आणि जुलैत घोस्ट ऑफ त्सुशिमाची भर पडली होती. धाकट्याचा मुलगा हेलो, गिअर्स ऑफ वॉर आणि फोर्झाच्या मोटारी घेऊन किल्ला लढवत होता.

एकदा वाद हातघाईवर आला तेव्हा थोरल्याच्या मुलाने माळ्यावरून बापाच्या जुन्या प्लेस्टेशन टूची एक डिस्क काढून आणली. 'हनुमान: बॉय वॉरिअर', 2009 सालचा, हैदराबादेत तयार झालेला, संपूर्णपणे भारतात बनलेला प्लेस्टेशनचा पहिला खेळ म्हणून गाजलेला. आणि अर्थात फक्त प्लेस्टेशनवर चालणारा. "बघ, बजरंगबलीसुद्धा आमच्याच पार्टीत आहेत," तो म्हणाला. धाकट्याचा मुलगा दर शनिवारी संकटमोचनाला जाणारा. त्याचं तोंड एवढंसं झालं. दोन दिवस तो वाड्याच्या माकडांकडेही संशयाने बघत होता.

पंच म्हणून मला बोलावलं जायचं. कन्सोलमधलं मला काही कळत नाही, त्यामुळे मी निःपक्षपाती असणार असा दोघांचा समज. तो मोडला 'अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी' या 2017 सालच्या खेळाने. त्याची नायिका गणपतीचा दात शोधत पश्चिम घाटात फिरते, होयसळांची पडकी शहरं पालथी घालते. पडद्यावर हिरवे कडे आणि धबधबे दिसले आणि मी खुर्चीतून उठलोच. "अरे, हा तर आमचा सह्याद्री!" वास्तविक माझा सह्याद्री म्हणजे सिंहगडाच्या पायथ्यापासून गाडीने वर जाऊन खाल्लेली पिठलं-भाकरी. पण काशीत हे तपासायला कोण येतंय? मी कडे, कातळ, करवंदाच्या जाळ्या यांवर भाषण ठोकलं. धाकट्याच्या मुलाने शांतपणे विचारलं, "म्हणजे काका, तुमचा सह्याद्री बघायला सोनीची पेटी लागते?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते तेव्हाच गप्प बसून पचवलं असतं तर पुढचा खर्च वाचला असता.

18 ऑगस्टला फोनवर बातमी दिसली. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या लहानशा कंपनीचा 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' हा खेळ जगभर विक्रीला आला. सर्कशीतली एक मुलगी, राजी. तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, असुर पळवून नेतात. दुर्गामाता तिला शस्त्र देते आणि ती भावाला शोधायला निघते. चित्रं पहाडी शैलीची, मधून मधून सावल्यांच्या बाहुल्यांनी सांगितलेल्या गोष्टी. जेवणाच्या पंगतीत मी ही बातमी मोठ्याने वाचली आणि 'पुण्याच्या' हा शब्द जरा जास्तच वेळा वाचला. वरणभातापर्यंत मी ती कंपनी पुण्याची असल्याचं सांगत होतो. ताकापर्यंत तिच्या ऑफिसवरून माझं रोज जाणं-येणं सुरू झालं होतं. ऑफिस कुठे आहे हे मला आजही ठाऊक नाही.

दोन्ही मुलांनी आपापले फोन काढले. थोड्या वेळाने दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. कित्येक महिन्यांत प्रथमच त्यांचं एकमत झालेलं दिसत होतं.

"काका, हा आमच्या कुणाकडेच चालत नाही. फक्त निन्टेंडो स्विचवर आहे."

"मग ते घेऊ या की."

"निन्टेंडो इंडियात स्विच विकतच नाही."

पंगतीत शांतता पसरली. खेळ पुण्याचा, देवी आपली, असुर आपले, आणि खेळायला लागणारं यंत्र कंपनी या देशात अधिकृतपणे विकतच नाही. अप्पांनी पानावरून मान वर न करता निकाल दिला, "पुण्याचं असंच असतं."

त्या पुण्याच्या मुलांची बाजू मला आज कळते. लहान कंपनी, लोकवर्गणीतून पैसा उभा करण्याचा आधीचा प्रयत्न फसलेला. अशात निन्टेंडोसारखी बलाढ्य कंपनी आपल्या कार्यक्रमात खेळ झळकवते आणि त्याच दिवशी दुकानात मांडते. बदल्यात काय द्यायचं? काही काळ दुसऱ्या पेट्यांवर यायचं नाही. याला मुदतीचा एक्स्क्लुझिव्ह म्हणतात. जगाचं लक्ष वेधून घेण्याची ही फारच स्वस्त किंमत झाली, आणि पुढे राजीला त्या वर्षीच्या 'गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम खेळासाठी नामांकनही मिळालं. बातमीत 'मुदतीचा' हा शब्द होता. मी तो वाचलाही होता. पण सासुरवाडीत अप्पांनी 'पुण्याचं असंच असतं' म्हटल्यावर बारीक अक्षरांतलं काही दिसत नाही.

गोदौलियाच्या पुढे एका गल्लीत असला माल मिळतो, असं मुलांनी शोधून काढलं. दुकानाचं नाव सांगण्यात अर्थ नाही, पाटीही नव्हती. दुकानदाराने पेटी कपाटातून नव्हे, गादीखालून काढली. मास्क हनुवटीवर, तोंडात पान. पान रंगात आलेलं असताना बनारसी माणसाला बोलायची वेळ आलीच, तर तो मान मागे टाकतो, ओठांचा द्रोण करतो आणि फक्त स्वर बाहेर सोडतो. व्यंजनं गिऱ्हाइकाने आपली आपण भरायची. "असली जापान का माल हौ, गुरु," इतकं मी भरून घेतलं. किंमत विचारली. त्याने मान मागे टाकली आणि मला 'तीस' ऐकू आलं.

अमेरिकेत तेव्हा या यंत्राची किंमत होती 299 डॉलर, म्हणजे साधारण 22 हजार रुपये. त्या वर्षी सगळं जग घरात कोंडलेलं, त्यात मार्चमध्ये निन्टेंडोचा अ‍ॅनिमल क्रॉसिंग आला आणि स्विचची जगभर टंचाई झाली. हा सगळा हिशेब मुलांनी मला वाटेत पढवला होता. तेव्हा तीस हजार काही फार नव्हते. तरी पुणेकर म्हणून घासाघीस करणं भाग होतं. मी अठ्ठावीस म्हणालो. त्याने दुःखाने मान हलवली. मी दुकानाबाहेर पडल्यासारखं केलं, परत आलो, आणि मोठ्या मनाने म्हणालो, "चलो, तीस ही सही." तेव्हा तो उठला, बाहेर गेला, नालीत लांब पिचकारी मारली, पाण्याने चूळ भरली आणि आत येऊन स्वच्छ हिंदीत म्हणाला, "तीस नहीं भाईसाहब, अड़तीस."

'अड' पानात राहिलं होतं.

मागे दोन्ही मुलं उभी. एक सोनीचा, एक मायक्रोसॉफ्टचा, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर एकच प्रश्न: पुणेकर माघार घेतो का? मी पैसे मोजले. बिल मागितलं तर त्याने दुसरं पान लावायला घेतलं. गॅरंटी विचारली तर म्हणाला, "हम हैं ना." यंत्राच्या चार्जरला चपट्या पिना, त्या आपल्या सॉकेटमध्ये बसेनात. कन्व्हर्टरही मी त्याच्याचकडून घेतला. तो कितीला, हे त्याने पान तोंडात टाकण्याआधी विचारून ठेवलं. शहाणपण येतं, पण उशिरा आणि लहान रकमेसाठी येतं.

घरी आल्यावर खरी यातायात. निन्टेंडोच्या ऑनलाइन दुकानात भारत हा देशच नाही. तिथे खरेदीसाठी खात्यात दुसरा कुठला तरी देश निवडावा लागतो. मी अमेरिका निवडली. माझा मावसभाऊ गेली कित्येक वर्षं ग्रीन कार्डाच्या रांगेत आहे. मी ब्रह्माघाटावर पंचा नेसून दोन मिनिटांत तिकडचा रहिवासी झालो. पैसे भरायला तिकडचं प्रीपेड कार्ड, त्याला डॉलरचा निराळा भाव. मग खेळ उतरवायचा. 2015 मध्ये काशीच्या घाटांवर वायफायसाठी टाकलेल्या ऑप्टिकल फायबरच्या तारा माकडांनी कुरतडल्याची बातमी जगभर छापून आली होती. आमची तारही त्याच मंडळींच्या हद्दीतून जाते. रात्रभर मी गच्चीच्या दाराशी काठी घेऊन बसलो. सासूबाईंनी विचारलं, "काय राखताय?" मी म्हणालो, "डाउनलोड." त्या सुनेला म्हणाल्या, "यांना आता पुण्याला पाठवायला हवं."

सकाळी खेळ सुरू झाला. यंत्र माझं, त्यामुळे पहिला मान माझा. राजी कड्यावरून पडली. दुर्गामातेच्या कृपेने परत उठली आणि त्याच कड्यावरून परत पडली. माझा अंगठा उजवीकडे म्हणेपर्यंत ती बिचारी खाली पोचलेली असे. मुलांनी काही न बोलता यंत्र माझ्या हातून काढून घेतलं आणि एका रविवारी आळीपाळीने खेळ संपवला. थोरल्याचा मुलगा म्हणाला, "पुण्याचा आहे, पण छान आहे." मी हे कौतुक समजून स्वीकारलं.

आता माझ्याकडे एक यंत्र होतं आणि खेळून झालेला एक खेळ. या धंद्याची मेख इथे आहे. कन्सोल बनवणारी कंपनी पेटीवर फारसं कमावत नाही, पुष्कळदा ती तोट्यातच विकते. कमाई खेळांवर. स्वतःच्या खेळाचे सगळे पैसे, दुसऱ्याचा खेळ आपल्या दुकानात विकला तर साधारण तीस टक्के वाटा. म्हणून एक्स्क्लुझिव्ह खेळाचं काम स्वतः खपणं हे नव्हेच. गिऱ्हाइकाला उंबऱ्याच्या आत आणणं हे त्याचं काम. एकदा आत आल्यावर पेटी रिकामी बघवत नाही. मी साठ डॉलरांचा झेल्डा घेतला. मग मुलांसाठी मारिओ कार्ट घेतला. हे खेळ निन्टेंडोचे घरचे, ते दुसऱ्या पेटीवर जात नाहीत आणि स्वस्तही क्वचितच होतात.

"एका खेळासाठी एवढी पेटी घेतलीत?" अप्पांनी एका संध्याकाळी विचारलं. मी पेटीचं समर्थन करायच्या नादात त्यांना सगळा इतिहास ऐकवला. ऐंशीच्या दशकात निन्टेंडो अमेरिकेत इतरांच्या खेळांना परवाना द्यायची तो या अटीवर की दोन वर्षं तो खेळ दुसऱ्या पेटीवर येणार नाही. फायनल फँटसी ही मालिका निन्टेंडोवर वाढली, पण तिचा सातवा खेळ इतका मोठा झाला की तो निन्टेंडोच्या कार्ट्रिजमध्ये मावेना. 1997 मध्ये तो तीन सीडींवर सोनीच्या प्लेस्टेशनवर आला आणि त्याच्यामागे गिऱ्हाइकांची रांग सोनीच्या दारात गेली. 1999 मध्ये स्टीव्ह जॉब्जने अ‍ॅपलच्या मंचावर हेलो नावाचा खेळ दाखवला. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने तो बनवणारी बंगी ही कंपनीच विकत घेतली आणि 2001 मध्ये हेलो एक्सबॉक्सचा झाला. एक्सबॉक्स सुमारे 2 कोटी 40 लाख खपले. समोरचा प्लेस्टेशन टू 15 कोटींच्या वर गेला. पण हेलो नसता तर एक्सबॉक्सला कुणी दारातही उभं केलं नसतं.

अप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि आत जाऊन लाल कापडात बांधलेली वही आणली. लांबट, बाजूने उलगडणारी, मोडीतल्या सह्यांनी भरलेली.

"म्हणजे हे," ते म्हणाले. "तुमच्या भागातला यात्रेकरू काशीत उतरला की दहा जण पुढे होतात. कुणाची खोली आमच्यापेक्षा चांगली, कुणाचा आवाज चांगला. पण त्याच्या पणजोबाची सही या वहीत आहे. तो येतो आमच्याकडेच. वही दुसऱ्याकडे गेली की यजमानही तिकडे जातो. वह्यांवरून खटले झालेत, वह्या गहाण पडल्यात, विकल्या गेल्यात. तुमच्या त्या बंगीचं काय झालं? वहीवालाच विकत घेतला."

मी थक्क झालो. जे मला मुलांकडून कळायला महिनाभर लागला, ते त्यांच्या घराण्यात कैक पिढ्या चाललं होतं.

"पण अप्पा, यात यजमानाचा काय फायदा?"

"वहीवाल्याला धाक असतो ना. शेजाऱ्याची खोली बरी झाली की आपल्याला चुना लावावा लागतो." मग वही बांधता बांधता म्हणाले, "फक्त चुन्याचे पैसे यजमान देतो."

त्या वर्षी अधिक आश्विन आला होता. अधिक महिन्यात जावयाला वाण देतात, तेही काशीत, म्हणजे पुण्याचा नुसता पूर. 15 ऑक्टोबरला, महिना संपायच्या आदल्या दिवशी, सासूबाईंनी मला पाटावर बसवून 33 अनारसे दिले. मी पहिला तोंडात घालतो न घालतो तोच दोन्ही मजल्यांवरून एकदम आरोळी उठली. राजी प्लेस्टेशनवर आली होती. राजी एक्सबॉक्सवर आली होती. शिवाय साध्या कॉम्प्युटरवरही. रुपयांत, भारताच्या दुकानात, अमेरिकेचा रहिवासी न होता. मुदत दोन महिनेसुद्धा नव्हती. गणपतीत केलेला अडतीस हजारांचा अभिमान दसऱ्याच्या आत सगळ्यांना मिळायला लागला होता. धाकट्याचा मुलगा धावत खाली आला. "काका, आमच्यावर चित्र तुमच्यापेक्षा साफ दिसतं!" थोरल्याचाही त्याला दुजोरा. ऑगस्टपासून या दोघांचं दुसऱ्यांदा एकमत झालं होतं, तेही माझ्याचविरुद्ध.

पुढच्या महिन्यातच दोघांनाही धडा मिळाला. 10 नोव्हेंबरला नवा एक्सबॉक्स जगाबरोबर भारतात आला, पण ज्याच्या जोरावर तो खपायचा तो नवा हेलो लांबला आणि थेट डिसेंबर 2021 मध्ये उगवला. प्लेस्टेशन फाइव्हकडे खेळ होते, पण ती पेटीच भारतात 2 फेब्रुवारी 2021 ला पोचली. एकाकडे पेटी आणि खेळ नाही, दुसऱ्याकडे खेळांची यादी आणि पेटी नाही. मी त्यांना मारिओ कार्ट खेळायला बोलावलं. दोघेही मुकाट्याने आले. अडतीस हजारांतले काही तेवढे वसूल झाले.

आता तर त्या तटांच्या भिंतीच पडत चालल्या आहेत. खेळांचा खर्च एका पेटीच्या गिऱ्हाइकांना पेलेनासा झाला. 'द लास्ट ऑफ अस'च्या दुसऱ्या भागाला 22 कोटी डॉलर लागले, हे 2023 मध्ये अमेरिकेतल्या खटल्याच्या कागदपत्रांतून बाहेर आलं. तो खटला होता मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅक्टिव्हिजन खरेदीवरून. जवळपास 69 अब्ज डॉलरचा सौदा, आणि भीती ही की त्या कंपनीचा कॉल ऑफ ड्युटी हा खेळ आता फक्त एक्सबॉक्सवर राहील. शेवटी मायक्रोसॉफ्टला तो प्लेस्टेशनवर दहा वर्षं ठेवण्याचा करार करावा लागला. माझा सह्याद्री 2022 मध्ये कॉम्प्युटरवर आला. ऑगस्ट 2025 मध्ये गिअर्स ऑफ वॉर प्लेस्टेशनवर गेला आणि सोनीचा हेलडायव्हर्स टू एक्सबॉक्सवर आला. ऑक्टोबरमध्ये खुद्द हेलो प्लेस्टेशनवर येणार असल्याचं जाहीर झालं. काशीहून धाकट्याच्या मुलाचा फोन आला, आवाज रडवेला. एवढी वर्षं ज्यासाठी भावाशी अबोला धरला, तेच भावाकडे चाललं होतं. निन्टेंडो मात्र आपली वही कुणाला दाखवत नाही, आणि तिचे स्विच 15 कोटींच्या वर खपले आहेत.

तेव्हा मुलाने, पुतण्याने किंवा भाच्याने हट्ट धरला की 'हा खेळ फक्त याच पेटीवर आहे', तर वाचकहो, एकच चौकशी करा. खेळ त्या कंपनीचा स्वतःचा आहे की मुदतीने घेतलेला? स्वतःचा असेल तर तो दुसरीकडे आलाच तरी वर्षं लागतात, वाट बघण्यात फार अर्थ नाही. ऐपत आणि हौस असेल तर घेऊन टाका. मुदतीचा असेल तर एक सण थांबा, तो तुमच्या घरातल्या पेटीवर चालत येईल. आणि नवी पेटी घ्यायचीच असेल, तर पक्कं बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्या.